मदत हवी आहे: घरचा नवीन डेस्कटॉप, ऑल-इन-वन घेऊ की असेंबल करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या २०१३ सालच्या डेस्कटॉपने आता हात टेकलेत. आय थ्री ३२२०, ४ जीबी रॅम. सकाळी चालू करून चहा ठेवायचा आणि चहा गाळून झाला की पडद्यावर चित्रं उमटायला लागतात, असा आमचा क्रम आहे. यूट्यूबवर जरा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ लावला की आतला पंखा गिरणीसारखा सुरू होतो आणि चित्र अडखळत पुढे सरकतं. त्यातून विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून रोज एक सूचना डोळ्यांसमोर येते ती वेगळीच.

राहणार कुडाळ. लाईटचं तुम्हाला सांगायला नको.

वापर असा: फोटो (अकरा-बारा हजार असतील), शाळेच्या प्रश्नपत्रिका, बचत गटाचे हिशेब, कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यपदं आणि भजनं. संध्याकाळी टीव्हीला जोडून यूट्यूबवर नाटक नाहीतर जुनी मॅच. टीव्ही ४३ इंची, ४के आहे. वडिलांनी हँडीकॅमवर केलेल्या चित्रीकरणाच्या छोट्या कॅसेटी आहेत, त्याही कधीतरी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. गेम कोणी खेळत नाही.

बजेट ५० हजार, फार तर ५५.

दोन पर्याय समोर आहेत. गावातल्या दुकानदाराने असेंबल्ड मशीनचं कोटेशन दिलंय: आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, २२ इंची मॉनिटर, वायफायसकट २४ हजार. दुसरा म्हणजे ५२ हजाराचा ब्रँडेड ऑल-इन-वन (मॉनिटरमध्येच सगळा कॉम्प्युटर), आय थ्री, ८ जीबी. ह्यांचं मत ऑल-इन-वनकडे आहे. "एकच वायर, पुसायला सोपा." मला मात्र कळत नाही की आय सेव्हन निम्म्या किमतीत मिळत असताना आय थ्री का घ्यावा?

लॅपटॉप नको. मान धरते.

खटपट्या:

ताई, थांबा. पैसे दिले नाहीत ना अजून?

आय सेव्हन हे प्रोसेसरचं आडनाव झालं, जन्मसाल नव्हे. त्याच्यापुढचा आकडा विचारा. २४ हजारात मॉनिटरसकट नवा आय सेव्हन येत नाही, तो बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा असेल. परत आलेल्या ऑफिसच्या मशीनमधले जुने प्रोसेसर काढायचे, नव्या कोऱ्या दिसणाऱ्या एच६१ जातीच्या मदरबोर्डवर बसवायचे, चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून लाल-निळे दिवे लावायचे, हा धंदा सगळीकडे जोरात आहे.

विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. हे लोक तरी ११ टाकून देतात, पण ते आडवाटेने टाकलेलं असतं आणि पुढे अपडेटच्या वेळी अडतं.

धागाकर्ती:

पैसे दिलेले नाहीत. आज शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन आले. आकडा विचारला तर "मॅडम, आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन" हेच चाललं होतं. म्हटलं चालू करून दाखवा. धिस पीसीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं. आय सेव्हन ३७७०.

खटपट्या:

बघा. तिसरी पिढी, २०१२चा. म्हणजे तुमच्या आत्ताच्या आय थ्रीचा सख्खा थोरला भाऊ. चार कोअर (काम करणारे मेंदू), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं). आज बाराव्या पिढीच्या आय थ्री १२१००लाही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण तो ह्याला आरामात मागे टाकतो आणि वीजही कमी खातो.

तुमच्या यूट्यूबचंही दुखणं तिथेच आहे. यूट्यूब हल्ली व्हिडिओ व्हीपी९ नाहीतर एव्ही१ पद्धतीने आवळून पाठवतं. जुन्या चिपमध्ये ते उलगडायची सोय नाही, तिला एच.२६४सारख्या जुन्या पद्धतीच येतात. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडतो. तो आय सेव्हन घेतलात तर पंखा जरा कमी ओरडेल, एवढंच. १२१०० किंवा १२४००मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्सला दोन्ही पद्धती येतात. वेगळं ग्राफिक कार्ड अजिबात घेऊ नका. एकच काळजी घ्या: नंबराच्या शेवटी एफ असलेला घेऊ नका. थोडा स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, पण त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं. घरी आणून जोडलं की पडदा काळा.

पेंग्विन:

माझं वेगळं मत. काहीच घेऊ नका. जुन्या मशीनला एक साधी साटा एसएसडी (जुन्या साटा वायरीवर चालणारी, चिपवाली वेगवान डिस्क) लावा, रॅम ८ करा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटा एसएसडी पाचशेच्या वर. चहा ठेवायच्या आत चालू होईल. माझ्या सासऱ्यांचा २०११चा पीसी असाच चाललाय.

धागाकर्ती:

कल्पना आवडली, पण शाळेच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फाँटमध्ये आहेत. युनिकोड नाही. ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, नाहीतर "विद्यार्थ्यांनी" ऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

एडिसनकर:

ॲपलचा छोटा डेस्कटॉप, मॅक मिनी, का नाही? एम फोरवाला भारतात ५९,९००ला आला होता, मूळ मॉडेललाच १६ जीबी रॅम. तळहाताएवढा, आवाज शून्य. आमच्याकडे टीव्हीखाली ठेवलाय, बायकोला तो कॉम्प्युटर आहे हे महिनाभर माहीत नव्हतं.

नाबाद६५:

ताई, सगळे प्रोसेसरवर भांडतायत. तुमच्या मूळ पोस्टमधलं एक वाक्य कोणी वाचलेलं दिसत नाही. वडिलांच्या छोट्या कॅसेटी. कसल्या आहेत? त्यावर मिनी डीव्ही असं लिहिलंय का? हँडीकॅम चालू आहे का? त्याला कॉम्प्युटरला जोडायची कोणती सोय आहे?

धागाकर्ती:

काका, आत्ता कपाट उघडून बघितलं. मिनी डीव्हीच. बावीस आहेत. बाबांच्या अक्षरात प्रत्येकीवर चिकटपट्टी: "आबा पंच्याहत्तरी, मे २००४", "शिमगा, पालखी घरी", "बारसे". एकीवर नुसतं "पाऊस". दोन-तीन कॅसेटींच्या खिडकीतून आत टेपच्या कडेला पांढरं काहीतरी दिसतंय. हँडीकॅम चार्जर लावला की चालू होतो. त्याला एक यूएसबी भोक आहे आणि शेजारी अगदी बारकं दुसरं, त्यावर डीव्ही लिहिलंय.

नाबाद६५:

मग तुमचा कॉम्प्युटर त्या बारक्या भोकाने ठरवला.

ते फायरवायर. सोनीवाले त्यालाच आय-लिंक म्हणायचे. टेपवर जे नोंदलंय ते जसंच्या तसं त्यातूनच बाहेर येतं. यूएसबीतून बऱ्याच हँडीकॅमना फक्त मेमरी कार्डावरचे फोटो किंवा बारीक दर्जाचा व्हिडिओ देता येतो. बाजारात लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचं यूएसबी कॅप्चर मिळतं, त्याने काम होतं, पण चित्र एकदा अॅनालॉग होऊन परत डिजिटल होतं. झेरॉक्सची झेरॉक्स.

आता फायरवायर नव्या कुठल्याही बोर्डवर नसतं. कार्ड बसवावं लागतं आणि त्यासाठी कॅबिनेटमध्ये रिकामा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (बोर्डवरची कार्ड खोचायची खाच) लागतो. ऑल-इन-वनमध्ये ही सोय नाही. मॅक मिनीतही नाही, शिवाय नव्या मॅकओएस टाहोमधून ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकलाय. एडिसनकर, माफ करा.

म्हणजे उभं कॅबिनेट, मायक्रो एटीएक्स आकाराचा बोर्ड. कार्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं बघा, त्यांची कटकट कमी. केबल एका टोकाला सहा पिन, दुसऱ्याला चार.

जागेचा हिशेब: डीव्हीचा एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी. तासाभराच्या बावीस कॅसेटी धरल्या तर २८५च्या आसपास. म्हणून विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी, साटापेक्षा वेगवान) आणि साठवायला वेगळी २ टीबीची साधी हार्ड डिस्क. शिवाय बाहेरची एक, ज्यावर दुसरी प्रत घ्यायची आणि जी एरवी कपाटात ठेवायची. जुन्या मशीनमधली डिस्क नव्यात लावून "आहे की एक" असं म्हणू नका, तिची तेरा वर्षं झाली.

आणि तो पांढरा थर म्हणजे बुरशी. कोकणातली हवा. त्या दोन-तीन कॅसेटी चुकूनही हँडीकॅममध्ये घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होईल आणि मग बाकीच्या एकोणीसही जातील. त्या वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

खटपट्या:

काका, साष्टांग. मी पाच प्रतिसाद प्रोसेसरवर लिहिले असते.

आता व्हिडिओ कापायचे-जोडायचे असतील तर १२१००ऐवजी १२४०० घ्या, सहा कोअर. त्याला एच६१० जातीचा मदरबोर्ड पुरे. बोर्डच्या तपशिलात एचडीएमआयला (टीव्हीच्या वायरीचं भोक) ४के ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, लिहिलंय ना ते बघून घ्या. एचडीएमआय १.४ असेल तर ४के टीव्हीवर ३० हर्ट्झच मिळतात आणि माउसचा बाणसुद्धा उड्या मारत जातो.

रॅम ही सध्या खरी डोकेदुखी. २०२५च्या शेवटापासून भाव दुपटीच्या वर गेलेत, एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळा माल उचलतायत. तरी १६च्या खाली जाऊ नका. ८ आणि ८ अशा दोन पट्ट्या घ्या. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच उसनवारी करतं, दोन पट्ट्यांनी त्याला रस्ता रुंद मिळतो.

जिथे पैसे वाचवू नयेत ती जागा म्हणजे एसएमपीएस, आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) असलेला.

लॅमिंग्टनवाला:

मुंबईत कोणी असेल तर ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारायला सांगा. तीन दुकानांत तीच यादी द्या, तीन वेगळे आकडे येतात. पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असू द्या. वॉरंटी भागांची असते, दुकानाची नाही. इंटेलच्या बॉक्सबंद प्रोसेसरला तीन वर्षं मिळतात. "ट्रे पीस (बॉक्सशिवायचा सुटा) आहे, स्वस्त देतो" म्हटलं तर पुढच्या दुकानात जा.

धागाकर्ती:

भाऊ गिरगावात राहतो. त्याला यादी पाठवली.

यूपीएस कुठला? आणि वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की मी सगळ्या वायरी उपसते, तसं करायची गरज आहे का?

नाबाद६५:

आहे. उपसत राहा. यूपीएस ६०० व्हीएचा पुरे, ग्राफिक कार्ड नाही म्हटल्यावर काम जतन करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. पण वीज पडली तर यूपीएस काही वाचवत नाही. नेटची केबलही काढा. फायबर असलं तरी राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो आणि राउटरमधून लॅनची वायर थेट बोर्डात जाते. आमच्याकडे एकदा पीसीचा प्लग काढलेला असताना बोर्ड गेला तो असाच.

अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमन, मग कॉम्प्युटर.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):

अपडेट देते. एकूण ५६,२०० झाले, बजेटच्या थोडे वर. १२४०० (एफ नाही!), एच६१० बोर्ड, ८+८, ५०० एनव्हीएमई, २ टीबी डिस्क, २४ इंची आयपीएस मॉनिटर, यूपीएस कुडाळातच घेतला. बाहेरची डिस्क पुढच्या पगारात. फायरवायरचं कार्ड लॅमिंग्टन रोडला चौथ्या दुकानात मिळालं, तेही खालच्या खणातून, धूळ झटकून.

भाऊ कोकणकन्येने घेऊन आला. कॅबिनेट वरच्या बर्थवर आणि तो खाली बसून, असं त्याने सांगितलं. ह्यांनी आल्याबरोबर विचारलं, "पुसायचं कसं?"

चहाचा क्रम मोडला. गॅस पेटवेपर्यंत चालू झालेला असतो.

काल विनडीव्ही ह्या टेप उतरवायच्या सॉफ्टवेअरने पहिली कॅसेट घेतली. आबांची पंच्याहत्तरी. चित्र इतकं स्वच्छ येईल असं वाटलं नव्हतं, मागच्या माडावरचा कावळासुद्धा दिसतोय. एकच अडचण. आवाज फक्त डाव्या स्पीकरमधून येतोय. नवे स्पीकर खराब, की टेप?

नाबाद६५:

गाणं लावून बघा. दोन्हीकडून येतं ना? मग स्पीकर ठीक. तेव्हा बाहेरचा माइक लावला होता का? मोनो माइक स्टिरिओच्या भोकात खुपसला की डावीकडेच नोंद होते. काही बिघडलेलं नाही. एडिटिंगमध्ये डावा चॅनल उजव्यावर कॉपी करा.

धागाकर्ती:

हो! आबांच्या सदऱ्याला कॉलर माइक लावलेला दिसतोय, वायर खिशातून बाहेर लोंबतेय. आबा फार हळू बोलायचे, म्हणून बाबांनी मुद्दाम आणला असणार. कॉपी केला, आता दोन्हीकडून येतोय. आता शिमग्याची कॅसेट लावते.