मदत हवी आहे : मुलांच्या हालचालींचा दर्जा कसा नोंदवावा?

नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. तिसरी-चौथीच्या २२ मुलांसाठी जूनपासून समन्वयाचा सराव घेत असून प्रगती मोजण्यासाठी १९७४ सालच्या केटीके या मुलांचा शारीरिक समन्वय मोजणाऱ्या जर्मन चाचणीचा आधार घेतला आहे. तिच्यात ६, ४.५ आणि ३ सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्यांवरून उलटे चालताना पडलेली पावले मोजतात, तसेच दोन्ही पाय जुळवून १५ सेकंदांत आडव्या उड्या किती झाल्या हे पाहतात. आकडे वाढले याचा आनंद आहे. परंतु एका मुलीच्या उड्या वाढल्या तरी तिचे गुडघे आत वळतात आणि खांदे आखडतात, तर एका मुलाची संख्या तेवढीच राहूनही त्याची लय स्पष्टपणे सुधारली आहे. पालकसभेत मला नेमकी हीच सुधारणा दाखवायची आहे, आणि ती आकड्यांत कुठेच उमटत नाही.

टीजीएमडी या मुलांच्या मूलभूत हालचालींचा दर्जा तपासणाऱ्या चाचणीप्रमाणे प्रत्येक निकषाला शून्य किंवा एक गुण देऊन पाहिले. मात्र एकच चित्रफीत पाहून मी आणि माझ्या सहकारी बाई वेगवेगळे गुण देतो, विशेषतः हातापायांच्या मेळाबाबत. निकष अधिक नेमके कसे लिहावेत? तारखा झाकून आणि चित्रफितींचा क्रम बदलून गुण दिल्यास पूर्वग्रह कमी होईल असे वाटते. कोणी तसे केले आहे का? शिवाय तपासणी सरावानंतर लगेच घ्यावी, की शिकलेले किती टिकले हे कळण्यासाठी आठवडाभराच्या खंडानंतर? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.