ट्रॅव्हलर कॅम्परसाठी एसी: १ टन पुरेल का दीड टन लागेल?

प्रश्न (चाकावरचंघर)
फोर्स ट्रॅव्हलरचा कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करायला घेतला आहे. आतली जागा ४.२ मीटर लांब, १.७५ रुंद, १.९ उंच. काचा साधारण ४ चौरस मीटर. पत्र्याला आतून अजून काहीच लावलेलं नाही. चौघं झोपणार. मे महिन्यात विदर्भ, पावसाळ्यात कोकण असं फिरायचं आहे. एसीवाले म्हणतात, दीड टनाशिवाय भागणार नाही. रात्री इंजिन बंद ठेवून आठ तास बॅटरीवर चालायला हवा. काय घ्यावं?

उत्तर १ (उष्मांक)
एसीवाले चुकीचं सांगत नाहीत, पण तो उघड्या पत्र्याचा हिशोब आहे. बाहेर ४४ अंश, आत २६ धरा. पत्रा तसाच ठेवला तर छत, भिंती आणि जमिनीतूनच ३,३०० वॅटच्या आसपास उष्णता आत येते. काचेवरचं ऊन, माणसं आणि फटींतली हवा धरली की ५,४०० वॅट, म्हणजे दीड टन.

आता २५ मिमी क्लोज्ड-सेल नायट्रिल फोम (बंद पोकळ्यांचा, पाणी न शोषणारा रबरी फोम) चिकटवा, छत पांढरं रंगवा, काचांना बाहेरून चंदेरी पडदे लावा. मग छत-भिंती-जमीन मिळून १,०५०, काचा ६५०, चार माणसं ४४०, हवा २००, फ्रिज वगैरे १५०. बेरीज २,५०० वॅटच्या आत. १ टन म्हणजे ३,५०० वॅट. ४४-४५ अंशांत एसीची क्षमता घटते, ती घट धरूनही पुरतं. तेव्हा १ टन इन्व्हर्टर एसीच (गरजेप्रमाणे गती कमी-जास्त करणारा) घ्या आणि वाचलेले पैसे फोममध्ये घाला.

एक चूक फार दिसते: फोम फक्त सपाट पत्र्यावर लावतात आणि लोखंडी रिब (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) उघड्या सोडतात. उष्णता त्यांतूनच आत येते आणि पावसाळ्यात त्यांच्यावरच पाणी सुटून आतून गंज चढतो. रिबवर निदान ६ मिमी फोम हवाच.

उत्तर २ (अँपिअर)
बॅटरीचं सांगतो. रात्री बाहेर ३० अंश असताना हा एसी सरासरी ४०० वॅट घेईल. आठ तासांचे ३.२ युनिट, बॅटरीची वीज एसीला चालेल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरची तूट धरून ३.६. त्यासाठी २४ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या: ५.१ युनिट, त्यातले ८० टक्के वापरले तर ४.१. लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरायची असते, म्हणून १५० अँपिअर-तासांच्या चार लागतील आणि वजन २०० किलोच्या वर जाईल.

लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोडू नका. ती हवा तेवढा करंट ओढते, आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अल्टरनेटरचा पंखा मंद असतो आणि तो जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच. ४० अँपिअरचा चार्जर १२ व्होल्टवर देतो जेमतेम ५०० वॅट, म्हणजे रात्रीचं भरून निघायला सात-आठ तास गाडी चालायला हवी. छतावर ३३५ वॅटचे दोन पॅनल ५ सेंमी उंचावर बसवा: स्वच्छ उन्हात दिवसाला अडीच युनिट मिळतात, शिवाय छतावर सावली पडते.

उत्तर ३ (तीनसूत)
स्प्लिट एसी (एक भाग आत, एक बाहेर) घरात वर्षानुवर्षं टिकतो, गाडीत पहिल्या दोन हजार किलोमीटरांत गॅस सोडतो. कारण हादरे. दोन सुती (पाव इंची) आणि तीन सुती (३/८ इंची) तांब्याच्या नळ्या आउटडोअर युनिटजवळ सरळ ताणू नका, तिथे एक गोल वेढा ठेवा. युनिट रबरी बुशवर बसवा, नळीला दर ३० सेंमीवर रबरी क्लॅम्प द्या. फ्लेअर नट (नळीचं पसरट तोंड धरणारा नट) ठरल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळा: दोन सुतीला १५ ते १८, तीन सुतीला ३५ ते ४० न्यूटन-मीटर. नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम निदान अर्धा तास ओढा. आउटडोअर युनिट मागच्या दाराला न लावता चासीला जोडलेल्या फ्रेमवर लावा. दाराच्या बिजागऱ्या ते वजन पेलत नाहीत.

कोकणात त्रास उष्णतेचा नाही, ओलाव्याचा असतो. दीड टन तिथे लगेच गार करून थांबतो आणि अंथरूण दमट राहतं. १ टन मंद गतीने सतत चालतो, म्हणून पाणी काढतो.

चाकावरचंघर
अमेरिकी १३,५०० बीटीयूचं (साधारण १.१ टनाचं) छतावरचं एसी युनिट स्वस्तात मिळतंय. चालेल का?

उत्तर (अँपिअर)
घेऊ नका. ते ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. ५० हर्ट्झवर कॉम्प्रेसर तापतो. आणि एसी कुठलाही असो, झोपताना छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. १४ घनमीटरच्या बंद जागेत चौघांच्या श्वासाने रात्रभरात हवा कोंदते. इंजिन चालू ठेवून तर कधीच झोपू नका, धूर आत शिरला तर जाग येत नाही.