अनुभव धागा : नट्टी, सेमिस्टर आणि मनाची टोचणी

वेशीवरचा
बेळगावजवळ खानापूर, येळ्ळूर भागात नट्टी (भाताची लावणी) सुरू झाली आणि तिकडं परीक्षेची वेळापत्रकंही लागली. दरवर्षीचंच आहे हे. शेतात वाकलं की पुस्तक आठवतं, पुस्तकापुढं बसलं की चिखलात उभे आईवडील दिसतात. या टोचणीत आपल्याकडच्या पोरापोरींचा फार वेळ जातो, म्हणून धागा काढतोय. नुसतं "मन लावून अभ्यास करा" नको, उपयोगी पडेल असं नेमकं लिहा.

सुरुवात तासांच्या हिशोबानं करतो. आठवड्याचे तास 168. झोप 49. कॉलेज सहा दिवस, रोज सात, म्हणजे 42. खेड्यातून येणाऱ्याची बस, बसची वाट आणि चालणं मिळून रोज तीन, म्हणजे 18. अंघोळ-जेवण 14. घरची, रानातली कामं 14. उरले 31. त्यातले आठ पाहुणे, यात्रा, चुकलेली बस यांच्या नावावर टाका. हातात 23. ज्यानं भिंतीवर "रोज 8 तास" लिहून ठेवलंय त्यानं 56 तास धरलेत. 33 तास मुळात नाहीतच, मग सोमवारी संध्याकाळपासूनच मागं पडल्यासारखं वाटणार. आधी आपला खरा आकडा काढा, मग विषय वाटा.

उद्यमबाग
छान केलंत काका. व्हीटीयूच्या (बेळगावचं तंत्रशिक्षण विद्यापीठ) इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी मार्कांचाही हिशोब देतो, कारण निम्मी भीती तो माहीत नसल्याची असते. 2022 च्या स्कीममध्ये (अभ्यासक्रमात) पेपर 100 चा, तो 50 वर आणतात. इंटर्नलमध्ये (कॉलेजच्या स्वतःच्या परीक्षांत) 50 पैकी 20 हवेत, पेपरात 50 पैकी 18, दोन्ही मिळून 100 पैकी 40. म्हणजे इंटर्नल 30 असेल तर पेपरात 18 पुरतात, इंटर्नल जेमतेम 20 असेल तर 20 लागतात. म्हणून पहिल्या इंटर्नलला "ही कसली परीक्षा" म्हणून सोडू नका, शेवटचा भार तीच हलका करते.

पेपरात पाच मोड्यूल (अभ्यासक्रमाचे भाग), प्रत्येकाचे दोन प्रश्न, 20-20 मार्कांचे, त्यातला एक लिहायचा. तीन तास आहेत. एका प्रश्नाला 33 मिनिटं धरा, शेवटी 15 उरतात आकृत्यांना नावं द्यायला आणि प्रश्नांचे नंबर तपासायला. पहिल्या प्रश्नाला 50 मिनिटं दिली की पाचवा जातोच. वेळ कमी असेल तर तीन मोड्यूल पूर्ण पक्के करा आणि उरलेल्या दोघांतल्या व्याख्या, आकृत्या, सूत्रं तेवढी घ्या. पाचही अर्धे अर्धे वाचून गेलात तर एकाही प्रश्नाचं पूर्ण उत्तर जमत नाही.

निपाणीची_माहेरवाशीण
वाचतेय, सेव्ह केलं. कुकर लावून येते.

खडक_गल्ली
हजेरीचं राहिलं की! 85 टक्के लागते. 40 तासिका असतील तर 6 च बुडवता येतात. घरात नट्टी-सुगी असेल तर त्या सहा आधीपासून राखून ठेवा. गणपतीत मंडप बांधायला उडवल्या तर पुढं हात बांधलेले.

वेशीवरचा
खरंय. आणि हजेरी विषयवार मोजतात हे बऱ्याच जणांना शेवटी कळतं. दर शनिवारी एका पानावर विषयवार आकडा टाका.

तरवा
शेतीकडून लिहितो. तरवा (भाताची रोपं) साधारण 21 ते 25 दिवसांचा झाला की लावायचा. 30 च्या पुढं गेला की फुटवे कमी येतात. वडिलांची घाई असते ती यामुळं, पोराच्या अभ्यासाशी त्यांचं वैर नसतं. पण म्हणूनच हे आधी ठरवता येतं. वेळापत्रक लागलं की तारखा घरी कॅलेंडरवर लिहा आणि तरवा टाकायच्या आधी बोला. पाऊस साथ देत असेल तर आठवडाभर पुढं टाकून लावणी परीक्षेनंतर येते. नाहीतर पैरा करा : परीक्षेआधी दुसऱ्याच्या रानात दोन दिवस जाऊन या, परीक्षेत ते आपल्याकडं येतील. धूळवाफ पेरणी (कोरड्या रानात थेट बी) असेल तर लावणीचा प्रश्नच नाही, तिथं भांगलण (तण काढणं) आडवी येते, आणि ती दोन-तीन तासांच्या तुकड्यात करता येते. ऐन आदल्या रात्री "उद्या येणार नाही" म्हटलं की घरचे दुखावतात आणि पोरगंही मनातून खचतं.

शहापूरची_विणकर
हे वाचून बरं वाटलं. असं कुणी सांगत नाही हो पोरांना.

बसस्टँड_सकाळी_सात
बसचे तीन तास फुकट धरू नका. पण वाचायचा प्रयत्नही नको. जून 2023 मध्ये शक्ती योजना (कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत) आली तेव्हापासून सकाळच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. शिवाय हलत्या गाडीत डोळे पानावर स्थिर आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, त्यानं मळमळतं. त्यापेक्षा कालचं पुस्तक न उघडता आठवा. "दुसऱ्या मोड्यूलमधली आकृती कशी होती, किती भाग, कोणता कशाला जोडलेला?" अडलं तेवढंच कॉलेजात पोचल्यावर बघा. रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 चा प्रयोग आहे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानं आठवून बघणारेच पुढं होते. वाचताना आल्यासारखं वाटतं, तिथंच फसगत होते.

निपाणीची_माहेरवाशीण
आले परत. दहावीपर्यंत मराठी आणि पीयूपासून (अकरावीपासून) एकदम इंग्रजी, त्या पोरींबद्दल लिहिते. त्यांना समजायला जास्त वेळ लागतो आणि त्या स्वतःला मठ्ठ समजतात. वहीत दोन रकाने करा, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं आपल्या शब्दांत अर्थ. रोज दहाच. उत्तर आधी मराठीत चार ओळींत मांडा, मग इंग्रजीत लिहा. सरळ इंग्रजीतून पाठ केलं तर एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं. आणि "बळके कन्नड" हा कन्नड न येणाऱ्यांसाठीचा विषय एका क्रेडिटचा म्हणून टाकू नका. बोलायला मैत्रीण धरा, महिन्यात कंडक्टरशी कन्नडमध्ये बोलाल.

खडक_गल्ली
ताई, निपाणीत पाऊस आहे का?

निपाणीची_माहेरवाशीण
कालपासून भुरभुर. तंबाखूवाले खूश आहेत.

समुपदेशन_खोली
टोचणीवर लिहिते. 2010 मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांनी कॅनडातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला शिव्या घातल्या की पुस्तक दिसताच शिव्याच आठवतात आणि हात मोबाईलकडं जातो.

दिवस बुडाला तर तीन ओळी लिहा : काय राहिलं, कशामुळं, आणि उद्या किती वाजता, कुठं बसून, पहिलं कोणतं पान. "उद्या अभ्यास करीन" चालणार नाही, "संध्याकाळी सातला माळ्यावर, पान 42" चालेल. बुडालेले तास उद्याच्या तासांवर चढवू नका, रविवारच्या मोकळ्या तासांतून भरा, नाहीतर सोडून द्या.

आणि हे दबावाच्या पलीकडं कधी जातं ते ओळखा. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस ही सरकारी फोन-मदत, 14416, रात्रंदिवस, मोफत, मराठीतही आणि कन्नडमध्येही. बेळगावात बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय कॉलेज) जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. सोबत एकजण घेऊन जा. तिथं झोप, भूक, विचार यांबद्दल विचारतात, लाजण्यासारखं काही नाही.

शहापूरची_विणकर
14416 आत्ताच भावाच्या पोराला पाठवला. आणि तो रात्री दहाला चहा पितो, तेही सांगा ना.

समुपदेशन_खोली
कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. दहाचा चहा रात्री तीनला निम्मा अंगात असतो. शेवटचा चहा पाचला घ्यायला सांगा.

माळमारुती
लॅब रेकॉर्ड या 23 तासांत कुठं बसवायचं?

उद्यमबाग
प्रयोग झाला त्याच संध्याकाळी, 40 मिनिटं. आकडे आणि जोडणी डोळ्यापुढं असते. रविवारवर ढकललं की दोन तास जातात, कारण आधी कुणाचं तरी रेकॉर्ड मागून आणावं लागतं. आकृती डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढा, आलेखावर स्केल त्याच वेळी लिहा, आणि सही दर आठवड्याला घ्या.