अर्जात एक बँक, पैसे दुसऱ्याच बँकेत: आधारवरून येणारा हप्ता नक्की कुठे जातो?

बांधावरची (प्रश्न)

पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण, शिष्यवृत्ती, सगळ्या योजनांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. अर्जात जिल्हा बँकेचा खाते क्रमांक दिलेला, पासबुकाची झेरॉक्स जोडलेली, अर्ज मंजूर. पैसे मात्र चार वर्षांपूर्वी कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्यात. त्या खात्याचं पासबुकसुद्धा सापडत नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सरकार अर्जातला खाते क्रमांक बघतच नाही का? शाखेत "आधार लिंक आहे" म्हणतात आणि पोर्टलवर "नाही" दिसतं, तेव्हा खरं काय मानायचं? आणि बँक बदलायची तर अर्ज कसा भरायचा? शिवाय, ही पद्धत अशी का ठरली हेही कुणी उलगडून सांगितलं तर फार बरं होईल. पैसे ज्या बाईच्या नावाचे, तिलाच ते कुठे आले हे माहीत नसावं, हे पटत नाही.

---

जमाखर्च

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुतेक योजनांत बघत नाही. अर्जातला खाते क्रमांक पडताळणीला उपयोगी पडतो, पण पैसे जातात ते आधार क्रमांकावर.

वाट अशी आहे. विभागाकडून यादी निघते, ती सरकारच्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, जाते. तिथे आधार पेमेंट ब्रिज नावाची यंत्रणा आहे आणि तिचं हृदय म्हणजे 'मॅपर'. मॅपर ही एक मोठी नोंदवही समजा. तिच्यात प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. खाते क्रमांक त्या वहीत नसतोच. एनपीसीआय फक्त एवढंच ठरवते की या आधारचे पैसे अमुक बँकेकडे पाठवायचे. पुढे कुठल्या खात्यात टाकायचे ते ती बँक आपल्या संगणकात बघते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमची चार बँकांत खाती असतील तर ज्या बँकेने शेवटी तुमचा आधार मॅपरवर चढवला, तिच्याकडे पैसे जाणार. जुनी नोंद पुसली जाते. दोन, एकाच बँकेत दोन खाती असतील, समजा जुनं जनधन आणि नंतर उघडलेलं बचत, तर एनपीसीआयचा काही संबंध नाही. ते शाखेतच सांगून बदलावं लागतं. या दुसऱ्या प्रकारात लोक उगाच बँक बदलण्याचा अर्ज करतात आणि घोळ वाढवतात.

आता "लिंक आहे" या शब्दाबद्दल. खातं उघडताना केवायसीसाठी आधार दिला, बँकेने तो खात्याला जोडला, हे झालं लिंक. मॅपरवर नाव चढवलं, हे झालं सीडिंग. शाखेतला कर्मचारी आपल्या पडद्यावर पहिलं बघून "आहे" म्हणतो, पोर्टल दुसरं बघून "नाही" म्हणतं. दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून शाखेत विचारताना "आधार लिंक आहे का" असं विचारूच नका. "डीबीटीसाठी एनपीसीआयवर सीडिंग आहे का आणि तुमच्याच बँकेचं नाव दिसतं का" असं विचारा. डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारा सरकारी लाभ.

स्वतः बघायचं असेल तर आधारच्या माय आधार संकेतस्थळावर ओटीपीने आत जा आणि बँक सीडिंग स्टेटस उघडा. बँकेचं नाव, चालू की बंद, आणि शेवटची तारीख दिसते. ती तारीख नीट बघा. कुठल्या कामासाठी अंगठा दिला तेव्हा बँक बदलली, हे बहुतेक वेळा त्या तारखेवरूनच आठवतं.

---

काउंटर_तीन

वरचं सगळं बरोबर. अर्जाबद्दल मी लिहितो, कारण बिघडतं ते तिथे.

बँकेकडे आधार सीडिंगचं संमतीपत्र मिळतं. नाव, खाते क्रमांक, आधार, सही किंवा अंगठा, हे सगळे भरतात. त्यात खाली पर्याय असतात: माझा आधार आजवर कुठल्याच बँकेशी जोडलेला नाही, किंवा अमुक बँकेशी जोडलेला आहे आणि तो इथे हलवायचा आहे. बहुतेक जण पहिल्यावर टिक करतात किंवा ती जागा कोरी सोडतात. खरी चूक इथेच होते. बँक जेव्हा एनपीसीआयकडे फाइल पाठवते तेव्हा जुन्या बँकेचा ओळख क्रमांक त्यात द्यावा लागतो. मॅपरवर आधीपासून दुसरी बँक असेल आणि फाइलमध्ये जुन्या बँकेचा रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल, तर नोंद नाकारली जाते. शाखेत फॉर्म जमा, पोच मिळाली, आणि महिन्याने बघावं तर मॅपरवर जुनंच नाव.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्टेटस बघून मॅपरवरच्या बँकेचं नेमकं नाव कागदावर उतरवा. मग नव्या बँकेत जाऊन 'हलवणे' या पर्यायावर टिक करा, जुन्या बँकेचं नाव लिहा, तारीख घाला. फॉर्मची झेरॉक्स काढून तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. चार-पाच कामाच्या दिवसांनी पुन्हा स्टेटस बघा. नाव बदललं नसेल तर "फाइल नाकारली गेली का, कारण काय आलं" हे विचारा. हा प्रश्न विचारला की कर्मचाऱ्याला नाकारलेल्या नोंदींची यादी काढावीच लागते.

एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठी 'भारत आधार सीडिंग एनेबलर' अशीही सोय आहे. नवी नोंद, एकाच बँकेत दुसऱ्या खात्यावर बदल, एका बँकेतून दुसरीकडे बदल, नोंद काढून टाकणे, हे सगळं त्यात होतं. पण सगळ्या बँका त्यात नाहीत. यादीत आपली बँक दिसली नाही तर शाखा हाच मार्ग.

हप्ता पडायच्या आठवड्यात बँक बदलू नका. यादी एका नावाने निघते, मॅपर मध्येच बदलतो, आणि पैसे नेमके कुठे पोचले हे शोधत बसावं लागतं.

अजून एक. पोस्ट पेमेंट्स बँकेत अंगठ्यावर खातं उघडलं की सहसा सीडिंगही त्याच बैठकीत होतं. जिथे खातंच नाही तिथे ही उत्तम सोय आहे, पोस्टमन घरी येतो. पण दुसरीकडे नीट चालू असलेला हप्ता असेल तर तो इकडे वळणार, हे आधी समजून घ्या. संमती देताना वाचून द्या.

---

बांधावरची

फार मोलाची माहिती, दोघांनाही धन्यवाद. एक उपप्रश्न. मॅपरवर बँक बरोबर, स्थिती चालू, तरीही हप्ता परत गेला, अशी प्रकरणं आहेत. आणि काही ठिकाणी पैसे जमा झाले, पण बँक काढू देत नाही, जुन्या पीककर्जापोटी अडवते. याचं काय करायचं?

---

जमाखर्च

परत जाण्याची कारणं तीन-चारच असतात. खातं बंद झालेलं, केवायसी अपुरी म्हणून गोठवलेलं, निष्क्रिय पडलेलं, किंवा मॅपरवर बँक आहे पण बँकेच्या संगणकात त्या आधारला कुठलं खातं हेच जोडलेलं नाही. शेवटचा प्रकार बँका एकमेकींत विलीन होतात तेव्हा जास्त दिसतो. आपल्याकडे 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. अशा वेळी आपल्या नोंदी नव्या बँकेत नीट उतरल्यात का, हे एकदा शाखेत जाऊन बघावं.

निष्क्रिय खात्याबद्दल नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे आणि शाखेत तो ठामपणे सांगावा. दोन वर्षं ग्राहकाकडून व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. पण रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, सरकारी योजनांच्या लाभासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती निष्क्रिय ठरवायची नाहीत. आणि कुठलंही निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला शुल्क घ्यायचं नाही.

पैसे बँकेपर्यंत आले आणि खात्यात पडले नाहीत, तर एका दिवसाच्या आत ते परत फिरवणं बँकेला बंधनकारक आहे. त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाई. हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा आदेश आहे. तक्रारीत हे वाक्य लिहा, फरक पडतो.

कर्जापोटी अडवण्याबद्दल: लाडकी बहीणचे पहिले हप्ते पडले तेव्हा, ऑगस्ट 2024 मध्ये, काही बँकांनी कापून घेतल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्य सरकारने ही रक्कम दुसऱ्या थकबाकीत वळती करू नये असं बँकांना कळवलं. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, तोंडी वाद घालू नका.

---

उत्तरपेठ

ही पद्धत अशी का ठरली, या प्रश्नाला हात घालतो. माझ्या मते तंत्र, पैसा आणि राजकारण या तिघांना हीच रचना सोयीची होती.

थेट लाभ हस्तांतरण 1 जानेवारी 2013 ला सुरू झालं, जनधन खाती ऑगस्ट 2014 पासून, गॅसचं अनुदान 2015 च्या सुरुवातीला देशभर खात्यात येऊ लागलं. तेव्हा अडचण खाते क्रमांकांची होती. कोट्यवधी अर्जांत एखादा आकडा चुकला की पैसे दुसऱ्याच्या नावे. आधार हा पत्ता मानला तर विभागाला खाते क्रमांक सांभाळायची गरज उरत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा खरोखर चांगला विचार होता. दोष तंत्रात कमी आणि "शेवटी नोंद करणारा जिंकतो" या नियमात जास्त आहे. कारण त्या नियमाने ग्राहकाच्या संमतीपेक्षा बँकेच्या हालचालीला जास्त वजन दिलं.

बँकेला यात काय? ज्या बँकेचं नाव मॅपरवर, तिच्याकडे दर महिन्याला न मागता ठेव येते. आकडा लक्षात घ्या: लाडकी बहीणसाठी 2024-25 मध्ये राज्याने वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज मांडला होता. यातली रक्कम थोडे दिवस जरी बचत खात्यांत राहिली तरी बँकेसाठी तो सगळ्यात स्वस्त पैसा. म्हणून सीडिंगची ओढाताण होते. 2017 मध्ये एका मोबाईल कंपनीने सिमच्या आधार पडताळणीतूनच आपल्या पेमेंट बँकेत खाती उघडली आणि लाखो लोकांचं गॅस अनुदान तिकडे वळलं. पुढे कारवाई झाली, पैसे परत करावे लागले, संमतीचे नियम कडक झाले. पण मूळ नियम तोच राहिला.

आणि राजकारण. पूर्वी मदत तलाठी, ग्रामसेवक, सोसायटीचा सचिव यांच्या हातून यायची. रोजगार हमीची मजुरी कामावरच रोख वाटली जायची. त्यात गळती होती, हे मान्यच आहे. पण अडलं तर कुणाकडे जायचं हेही माहीत होतं. आता मदत थेट राज्याच्या तिजोरीतून मोबाईलच्या संदेशापर्यंत येते, मध्ये कुणी नाही. त्यामुळे सरकारला श्रेय ठरल्या दिवशी, एकाच वेळी, घराघरात पोचवता येतं. 2024 मध्ये लाडकी बहीणचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेच्या आधी एकत्र दिले गेले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. वाटप एवढं अचूक होऊ शकतं, तर तक्रार निवारणही तेवढंच अचूक व्हायला हवं. ते होत नाही, कारण त्यावर कुणी पैसा खर्च केलेला नाही. विभाग म्हणतो आम्ही पाठवले, बँक म्हणते आले नाहीत, एनपीसीआयची खिडकी गावात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, पण सरकारी लाभासाठी आधार मागणं कायम ठेवलं. म्हणजे ज्याला सरकारकडून काही घ्यायचं नाही त्याला पर्याय आहे आणि ज्याचं घर हप्त्यावर अवलंबून आहे त्याला नाही. ही विषमता मला सगळ्यात जास्त खटकते.

---

नदीकाठ

उत्तरपेठ यांचं बरंचसं पटतं, पण "मध्ये कुणी नाही" हे नाही. मध्यस्थ गेला नाही, बदलला. आता तो अंगठ्याचं यंत्र घेऊन बसतो.

1500 रुपये काढायला बाई बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्या प्रतिनिधीकडे, जाते. या व्यवहारावर तिच्या बँकेकडून बँक मित्राच्या बँकेला अर्धा टक्का मिळतो, म्हणजे साडेसात रुपये. कितीही मोठी रक्कम असली तरी कमाल 15. त्यातला वाटा मित्राचा. एवढ्यात जागेचं भाडं, इंटरनेट, यंत्र आणि रोकड आणायची जोखीम भागत नाही, म्हणून तो बाईकडून 10-20 रुपये वर घेतो. हे चुकीचंच आहे, ग्राहकाकडून घेता येत नाही. पण दर वाढवल्याशिवाय नुसत्या दमदाटीने ते थांबणार नाही.

जास्त घातक प्रकार वेगळा. अंगठा लावायला सांगतात, "सर्व्हर डाउन आहे" म्हणून पुन्हा लावायला सांगतात. पहिल्या वेळी पैसे निघालेले असतात. प्रत्येक अंगठ्यानंतर पावती मागा, व्यवहार फसला तरी फसल्याची पावती निघते. आणि खरोखर फसला, पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी, नंतर रोजचे 100 रुपये इथेही लागू. पैसे काढायचे नसतील तेव्हा आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. हप्ता जमा व्हायला लॉकची अडचण येत नाही. पण रेशनच्या दुकानात अंगठा देण्याआधी ते उघडायला विसरू नका.

आणि मोबाईल नंबर. बायकांच्या आधारला नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असतो. संदेश त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे. पैसे तिच्या नावावर येऊनही त्यांची खबर तिला सगळ्यात शेवटी. आधार केंद्रावर स्वतःचा नंबर घालून घ्यायला 75 रुपये लागतात आणि अंगठा द्यावा लागतो. सप्टेंबर 2025 ला लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपीही मागितला गेला. विधवा, परित्यक्ता, वडील नसलेल्या बायका त्या पडद्यावरच अडकल्या. पडदा तयार करताना अशी बाई कुणाच्या डोळ्यासमोरच नव्हती.

---

काउंटर_तीन

तक्रारीच्या मजकुराबद्दल दोन ओळी, मग थांबतो. शाखेला द्यायच्या अर्जात एवढंच लिहा: आधारचे शेवटचे चार आकडे, योजना, हप्त्याचा महिना, पोर्टलवर दिसणारी स्थिती आणि तारीख, मॅपरवर दिसणाऱ्या बँकेचं नाव, आणि नेमकी मागणी. "पैसे मिळाले नाहीत, चौकशी व्हावी" असं लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं. "परत गेलेल्या व्यवहाराचं कारण लेखी कळवावं" असं लिहा. पूर्ण आधार क्रमांक कुठल्याही अर्जाच्या झेरॉक्सवर ठेवू नका.

30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, 14448 वर माहिती मिळते. जिल्हा मध्यवर्ती बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या, नोव्हेंबर 2025 पासून आल्या आहेत. अर्ज पात्र-अपात्र ठरण्याचा वाद मात्र लोकपालाकडे चालत नाही, तो त्या विभागाकडेच न्यावा लागतो. दोन्ही एका कागदावर मिसळले की दोन्हीकडून परत येतं.