पक्षांनी महिलांना तिकिटं द्यायला कायद्याची वाट का बघायची?

रेवा_पुणे:
२०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या, पण आधी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना, अशी अट घातली. तिकीट देणं तर पक्षांच्याच हातात आहे, मग ते आजच का देत नाहीत? हा विषय काढला की बाबा म्हणतात, "निवडून येणारी बाई दाखव." काय सांगू त्यांना?

पाणवठा:
ओडिशाचं सांगा. २०१९ ला बिजू जनता दलाने २१ पैकी ७ जागी महिला दिल्या, कसलीही सक्ती नसताना. ५ जिंकल्या. त्यातल्या प्रमिला बिसोई बचत गटातून आलेल्या. त्यांना अस्का दिलं, जिथून पक्षप्रमुख नवीन पटनाईक स्वतः पूर्वी खासदार होते. हक्काची जागा दिली की बाई निवडून येते. पडणारी दिली तर पुरुषही पडतो.

कोयनाकाठ:
अगं रेवा, मी सातारा जिल्ह्यात पाच वर्षं सरपंच होते. महिला राखीव निघालं तेव्हा पॅनेलवाले घरी आले आणि त्यांनी ह्यांना विचारलं. मी आत भाकरी थापत होते. पहिल्या सभेत प्रोसिडिंगची वही ह्यांच्यापुढे सरकवली, सही माझी लागणार होती तरी. मी ती ओढून घेतली आणि पाणीपट्टीचा ठराव अडखळत, पण मोठ्याने वाचला. वर्षभरात ह्यांनी आपणहून सभेला येणं सोडलं. तिसऱ्या वर्षी काम हाताला बसलं, वरच्या वस्तीची पाइपलाइन केली. पुढच्या सोडतीत आरक्षण बदललं आणि मला कुणी विचारलंही नाही.

म्हणून मला कायदाच हवा. पक्षाने मर्जीने दिलेलं तिकीट मर्जी फिरली की जातं. आणि लोकसभेच्या राखीव जागा दर निवडणुकीला नाही, पुढच्या पुनर्रचनेनंतर फिरणार आहेत. बाईला तिथूनच दुसऱ्यांदा उभं राहता येईल. मला तेवढंच हवं होतं.

रेवा_पुणे:
ताई, बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, त्या पाइपलाइनला अजून पाणी येतं का?

कोयनाकाठ:
येतं. दिवसाआड, सकाळी सहाला.