लोणारच्या गाळावरून सरोवराचं वय काढता येईल का?

मेहकरवाला
नमस्कार मंडळी. लोणार आमच्यापासून एसटीने तासाभराच्या आत. पाहुणे आले की त्यांना घेऊन सरोवरात उतरायचं, हे लहानपणापासून चालू आहे, पण डोकं कधी चालवलं नाही. परवा भाचीला नेलं होतं, ती नववीत आहे. तिनं काठावरच्या चिखलात काठी खुपसली, ती हातभर आत गेली. बाहेर काढली तर वरचा चार बोटं चिखल करडा, खालचा काळाकुट्ट आणि कुजक्या अंड्यासारखा वास. "मामा, खाली हे असं किती आहे?" मी म्हटलं, असेल पाच-दहा फूट.

घरी येऊन वाचलं तर तळाखाली सुमारे १०० मीटर गाळ! २००८ साली नळी घालून वरचा १० मीटर गाळ काढला होता, तो साधारण ११ हजार वर्षांचा निघाला. झालं, भाचीबाईंनी लगेच त्रैराशिक मांडलं. १० मीटरला ११ हजार, तर १०० मीटरला १ लाख १० हजार वर्षं. पण सरोवराच्या वयाचे आकडे दोन सापडतात, ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार. तिचं उत्तर दोन्हीत बसत नाही. चुकलं कोण? आणि एवढुशा ओढ्यांनी एवढा गाळ आणला कुठून?

काळापाषाण
भाचीला शाबासकी द्या. मी भूशास्त्र शिकवायचो, बीएस्सीची पोरंसुद्धा हे गणित आपणहून करत नसत.

आधी खड्ड्याचं बघू. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. काठावरून पाण्यापर्यंत खोली १४० मीटरच्या आसपास, त्यात तुमचा १०० मीटर गाळ मिळवा. ॲरिझोनातलं उल्काविवर १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल आहे. रुंदीच्या साधारण सातवा हिस्सा खोली, म्हणजे प्रमाण जुळलं. आपला खड्डा मुळात उथळ नव्हता, तो गाळानं भरत गेलाय.

आता त्रैराशिक का फसतं ते. उल्का आदळली तेव्हा काठ म्हणजे उडालेल्या दगडमातीचा सैल ढीग होता. ना झाड, ना गवत. पहिल्या काही शतकांच्या पावसात तो किती धुपून आत आला असेल, कल्पना करा. नव्या विहिरीच्या कडेची माती पहिल्या पावसात आत ढासळते, तसं. म्हणजे खालचा गाळ भराभर साचला, त्यात वर्षं कमी. पण वरचा ताजा गाळ दह्यासारखा असतो, निम्म्याहून जास्त पाणीच. खालचा मात्र वरच्या वजनानं दाबला गेलेला, म्हणून त्याच्या एका मीटरात वर्षं जास्त मावतात. एका कारणानं खरं वय त्रैराशिकापेक्षा कमी निघेल, दुसऱ्यानं जास्त. त्यात मधूनमधून सरोवर आटलेलंही आहे. त्या १० मीटरच्या नळीत गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले, ते पाणी आटून फार खारट झालं की बनतात. एक टप्पा साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. एवढं सगळं असताना वरच्या १० मीटरचा वेग तळापर्यंत लावायचा कसा?

दोन आकड्यांपैकी मला ५ लाख ७० हजारचा पटतो. आदळण्याच्या वेळी वितळलेल्या दगडातल्याच आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून तो काढलाय. पण हे माझं मत झालं.

राहिला गाळ कुठून आला हा प्रश्न. ईशान्येला धार नावाच्या झऱ्याजवळ काठ चिरून ओहोळ आत येतो, त्यानं आणलेल्या मातीचा पंखा तुम्ही उतरताना तुडवला असेल. आणखी महत्त्वाचं म्हणजे आत येणाऱ्याला बाहेर जायला वाटच नाही. पाण्याची वाफ होते, बाकी सगळं इथेच. माती, पाचोळा, शेवाळ, परागकण आणि क्षार. पूर्वी लोक काठावरून पापडी न् दल्ला गोळा करायचे, ते हेच क्षार. तळाशी प्राणवायू नाही, म्हणून पाला पुरता कुजत नाही, चिखल काळा राहतो आणि तो वास येतो. उकरणारे किडेही तिथे जगत नाहीत, त्यामुळे थर विस्कटत नाहीत. अभ्यासकांना लोणारचा चिखल एवढा प्यारा का, ते आलं ना लक्षात?

गाळपेरा
मी शेतकरी, शास्त्र येत नाही. पण आमच्या पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं शेतात टाकतो. जेसीबीनं सरळ काप घेतला की पट्टे दिसतात. खाली भरड वाळू, वर लोण्यासारखी चिकणमाती, पुन्हा वाळू. मोठ्या पुराचं वर्ष लगेच ओळखू येतं, पट्टा जाड असतो. भाचीला बाटलीत काळी माती ढवळून ठेवायला सांगा. वाळू मिनिटात बसते, चिकणमाती दिवसन् दिवस तरंगते.

काळापाषाण
तीन बाटल्या करा. एक साधी, एकीत चमचाभर मीठ, एकीत चिमूटभर धुण्याचा सोडा. पाणी आरओ फिल्टरचं घ्या, बोअरच्या जड पाण्यात गंमत दिसणार नाही. लोणारमध्ये मीठही आहे आणि सोडाही, म्हणून सांगतोय.

मेहकरवाला
सर, केलं. मिठाच्या बाटलीत मातीचे गुठळे होऊन रात्रीपर्यंत वर नितळ पाणी. साधी बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळ. सोड्याची आज तिसऱ्या दिवशीही दुधाच्या चहासारखीच. हे उलटं कसं?

काळापाषाण
मिठानं चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात. थोड्या सोड्यानं ते एकमेकांना ढकलतात. कपबश्यांच्या कारखान्यात मातीचा लगदा पातळ ठेवायला सोडा घालतात, तो याचसाठी. मात्र सोडाही भरपूर झाला की तो मिठासारखाच वागतो. चौथी बाटली करा, तीन-चार चमचे टाकून.

मेहकरवाला
चौथी नाही होणार बहुतेक. खिडकीतल्या तिन्ही बाटल्या बहिणीनं परत मागितल्यात, तिला फ्रिजमध्ये पाणी ठेवायचंय.