Re: दिवसाला एक-दोनच ओढतो, त्याने काय होतंय?

वर कोणीतरी म्हटलंय की दिवसाला एक-दोनच सिगारेट ओढतो, त्याने काय होतंय. मीपण हेच म्हणायचो. पण हार्टचा हिशोब तसा सरळ नाहीये, रोज २० ओढणाऱ्याची रिस्क जेवढी वाढते त्याच्या जवळपास निम्मी रोज एक ओढणाऱ्याचीही वाढते, म्हणजे कमी करून फार काही हाती लागत नाही, बंदच करावी लागते.

माझं सगळं अडायचं ते चहापाशी. टपरीवर कटिंग हातात आला की दुसरा हात आपोआप खिशात. मग दोन महिने टपरीच सोडली, मित्र बोंबलले, बोंबलू दे. तलफ येते ती चार-पाच मिनिटं टिकते, तेवढ्यात पाणी प्या, चक्कर मारा, बायकोला फोन करा (ती वैतागते, पण चालतं).

तलफ भागवायला निकोटीनचं २ मिग्रॅ गम मेडिकलात मिळतं, पण ते च्युइंगमसारखं चघळत बसू नका, मी तेच केलं आणि दिवसभर उचक्या. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. आणि सिगारेटच्या पाकिटावर तो सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ नंबर असतो ना, तो फुकट आहे, लावून बघा.